बीजिंग बोटभर वर

ता. ३ फेब्रुवारी

ति. काका यांस,
सा. न. वि. वि.

तुम्ही रंगवलेल्या, वाचनालयाच्या पृथ्वीगोलाचे फोटो पोचले. रंग असे खुललेत की सगळं ऑफिस वाकून पाहत होतं. मग साहेबांनी भिंग मागवलं आणि माझं धाबं दणाणलं.

काका, चीनचं हे काय करून ठेवलंत? पेकिंग आहेच, शिवाय बोटभर वर बीजिंग! कँटन किनाऱ्यावर, ग्वांगझू डोंगरात! अहो, गावं तीच. इंग्रजीत पूर्वी तसं लिहायचे, आता असं लिहितात. मी नव्या नावांसोबत अक्षांश-रेखांशही पाठवले होते ना? साहेब म्हणतात, उद्घाटनाआधी हे निस्तरलं नाही तर काम दुसऱ्याला. तुमचं नाव मीच सुचवलं होतं हो. एकदा डोळे तपासून घ्या.

रागावलात तरी माया आटू देऊ नका.
तुमची ठमी

ता. ९ फेब्रुवारी

चि. ठमीस,
अ. उ. आ.

डोळे ठणठणीत आहेत. आत्ताच सुईत दोरा ओवून लिहायला बसलोय.

पेकिंग, कँटन मी आधीच लिहून ठेवली होती. माझे वडीलही त्यांच्या गोलांवर तसंच लिहायचे. तुझे आकडे आले, मापं टाकली, तर बीजिंग नेमकं पेकिंगच्या डोक्यावर! ग्वांगझूचंही तेच. म्हटलं, पोरीने घाईत घोळ घातला. नोकरी नवी, साहेब खडूस. तुझी फजिती नको म्हणून गावं गुपचूप सरकवली. विचारलं असतं तर हिरमुसली असतीस.

साहेबांना सांग, म्हातारा चुकला. तुझ्यावर बालंट नको. पण खरं सांगू? हा गोल हातचा जाणार म्हणून फार वाईट वाटतंय गं.

आहे तो लोभ राहू दे.
काका

ता. १४ फेब्रुवारी

ति. काका यांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र साहेबांना वाचून दाखवलं. अर्ध्यावर मलाच रडू आलं, म्हणून उरलेलं त्यांनी वाचलं. आधी खो खो हसले. मग म्हणाले, ‘माझी चूक झाकायला आख्खं शहर उचलणारं मला कुणी भेटलं नाही.’ काम तुमच्याकडेच राहिलंय! जुनी नावं खरवडून नवी जागेवर आणायला मी रविवारी येतेय.

मात्र यापुढे माझं चुकलंय असं वाटलं तर सरळ कान धरा. हिरमुसले तर हिरमुसू दे. बीजिंग तरी जागेवर राहील.

भेटीपर्यंत लोभ असाच, भेटीनंतर दुप्पट.
तुमचीच ठमी