किलवर दश्शी

मंगळवार, ४ मार्च. रीनो

आज वर्नाने इस्पिक टाकलं आणि किलवर ठेवलं. मी बघितलं. मशीनने वाटलेल्या पाच पानांत चार इस्पिक होती, एक किलवर – कुठलं टाकायचं ते आम्हाला झोपेतही कळतं! मी मान फिरवली. दमली असेल.

दमलोय सगळेच. कॅसिनोत पत्त्यांची पाच मशीनं, पाच जण, आणि डोक्यावर तो वाढत जाणारा बक्षिसाचा आकडा. कुणाला तरी रॉयल लागेपर्यंत – एक्का, राजा, राणी, गुलाम, दश्शी, सगळी एकाच जातीची – खुर्ची सोडायची नाही; नको ती पानं टाकायची, बदली घ्यायची. लागला की बक्षीस हार्लनचं, कारण रोज हरतो ते पैसेही त्याचेच. आम्हाला तासाची मजुरी.

गेल्या हिवाळ्यात मासे साफ करायचो ते बरं होतं. निदान वास खरा होता. इथे गालिच्यावर काहीतरी गोड फवारतात, जेवणालाही तोच वास येतो. जाऊ दे.

शुक्रवार, ७ मार्च

पुन्हा तेच. या वेळी हळूच म्हटलं, "म्हातारे, ते किलवर आहे."

"माहितीये. तुझं तू बघ."

मग बऱ्याच वेळाने, पडद्यावरची नजर न काढता – "हार्लनला सांगू नकोस."

डोळेच गेलेत. लाल पानं ओळखते, काळी सगळी सारखी दिसतात म्हणे. डॉक्टरकडे जा म्हटलं, तर उसळली. "डॉक्टरकडे गेले की हार्लनला कळणार. त्याला कळलं की खुर्ची गेली. मग खोलीचं भाडं कोण भरणार – तू?"

मी काय भरणार! माझी सगळी मालमत्ता एक बॅग, तिचीही चेन तुटलेली.

आम्हा चौघांना हा खेळ शिकवला तो हिनेच. हार्लनलासुद्धा.

शनिवार, ८ मार्च

आता मी तिच्या शेजारच्या मशीनवर बसतो. ती चुकली की खोकतो. मग ती थांबते, पडद्याला नाक लावून पुन्हा बघते.

हार्लन म्हणाला, "सिगारेट सोड रे, छाती फुटेल तुझी."

वर्ना म्हणाली, "किती सांगितलं, ऐकतच नाही मेला!" आणि हसून हसून डोळे पुसले तिने. मी सिगारेट ओढतच नाही.

या महिन्यात मोंटानाला जायचं होतं. घोड्यांच्या तबेल्यावर माणूस हवाय म्हणे. घोड्यांची मला भीती वाटते, पण ते तिथे जाऊन बघता आलं असतं. आता मी उठलो तर खोकणार कोण?

रविवार, ९ मार्च

नाही जात. रॉयल लागेपर्यंत तरी नाही.

मंगळवार, ११ मार्च

लागला. लागायला नको होता असं वाटतंय.

दुपारची वेळ. वर्ना एकदम खुर्चीत सरळ झाली. "रॉयल आला! वाटूनच आला!" मी वळून बघितलं – इस्पिकचा एक्का, राजा, राणी, गुलाम. आणि दश्शी किलवर! तिने पाचही पानं धरून ठेवलेली. मी खोकलो. पुन्हा खोकलो.

"आता कशाला खोकतोस, आलाय बघ!"

आणि तिचं बोट बटणाकडे निघालं. ते बटण दाबलं असतं तर पाच पानं नुसती ओळीत आहेत म्हणून चिल्लर मिळाली असती, रॉयलची संधी गेली असती. मी विचार केला नाही. हात घातला, दश्शी सोडली, बटण दाबलं. सत्तेचाळीस पानं शिल्लक, त्यातलं एकच कामाचं.

तेच पडलं. इस्पिक दश्शी.

घंटा, दिवे, लोक. वर्ना माझ्याकडे बघतच राहिली. "माझा होता रे तो," म्हणाली. तिला पान बदललेलं दिसलंच नव्हतं!

मग कॅसिनोची माणसं आली. इथे बटण ज्याच्या बोटाने दाबलं, जिंकला तो. म्हणून कॅमेऱ्यातलं चित्रण काढलं त्यांनी. ते बघता बघता त्यांच्या लक्षात आलं की आम्ही पाचही जण एकाच टोळीतले. बक्षीस माझ्या नावाने मुकाट दिलं, ते मी जागेवरच हार्लनला दिलं. मग सुटातला माणूस अगदी गोड आवाजात म्हणाला, "मंडळी, इथे पुन्हा येऊ नका."

बुधवार, १२ मार्च

हार्लनने नाश्त्याला बोलावलं. अंडी मागवली आणि खाल्ली नाहीत.

"दुसऱ्याच्या मशीनला हात लावायचा नाही. पहिल्या दिवशी सांगितलं होतं की नाही? एवढी चांगली जागा गेली आपली! बोटाला काय खाज सुटली होती तुझ्या?"

मी वर्नाकडे बघितलं. ती टोस्टला लोणी लावत होती, टोस्टची कड संपून सुरी बशीवर गेली तरी लावतच होती.

"मला वाटूनच आला होता," ती म्हणाली. "पोराला हाव सुटली. आपल्या नावावर हवा होता त्याला."

खोटं बोलत नव्हती. तिने जे बघितलं तेच सांगत होती. दश्शी किलवर होती एवढं मी म्हटलं असतं तर मी सुटलो असतो, आणि तिची खुर्ची तिथेच गेली असती.

"हो," मी म्हटलं. "हाव सुटली."

हार्लनने उरलेली मजुरी टेबलावर ठेवली. वर्नाने वर बघितलं नाही. अंडी मी खाल्ली.

गुरुवार, १३ मार्च

बसमध्ये आहे. बाहेर नुसतं करडं माळरान. शेजारच्या माणसाच्या मांडीवर कासव आहे, खोक्यात. नाव विचारलं तर म्हणाला, अजून ठेवलं नाही.

शनिवार, १५ मार्च

वर्नाचा फोन. नव्या जागी काल पुन्हा "आला!" म्हणून ओरडली म्हणे. पैसे द्यायला आलेल्या पोरीने सगळ्यांसमोर सांगितलं, "आजी, यात दोन किलवर आहेत." हार्लनने तिथेच तिला उठवलं.

"खरं सांग," ती म्हणाली. "त्या दिवशी मला वाटून आलेली दश्शी कसली होती?"

"किलवर."

मग म्हणाली, "कुठे उतरलायस? मी येते."

कुठेच नाही अजून. आता उतरावं लागेल.