दमले नाही म्हणणाऱ्या बायका

आई, तू चक्क खोटं बोलत होतीस. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, आणि मला ते आज दुपारी मुरबाडला, माझ्या कामाच्या जागी कळलं.

मी लकवा झालेल्या माणसांना चालायला शिकवते. तुला ते ठाऊक नाही, तू गेल्यावर शिकले. आमच्याकडे नवं यंत्र आलंय. तोंडावर मास्क बांधायचा, माणसाला चालवायचं, आणि चालताना त्याला किती कष्ट पडतात ते श्वासावरून पडद्यावर दिसतं. आज सुनेसोबत एक मावशी आल्या. तुझ्यासारखंच डावं अंग गेलेलं, पाय बाहेरून फिरवत टाकायच्या. चालून झाल्यावर मी विचारलं, "मावशी, दमलात का?"

"नाय गो. दमायला काय डोंगर चढले?"

अगदी हेच तू म्हणायचीस. आपल्याकडे पाहुण्याला जेवणार का विचारलं की आधी नाहीच म्हणतो, तसलंच हे. मी हसून पडद्याकडे पाहिलं, तर आकडा डोक्यावर भारा घेऊन चढण चढणाऱ्या माणसाचा. यंत्र बिघडलं म्हणून चरफडले. दुसरा मास्क स्वतःला लावून त्याच जागेत, तितकीच सावकाश चालले. यंत्राला काही झालं नव्हतं. माझा आकडा साधाच आला, म्हणजे मावशींना खरंच तेवढे कष्ट पडत होते.

शेणव्याची, आपल्या गावची वाट डोळ्यांपुढे आली. मी कॉलेजला निघालेय, तू एसटीच्या थांब्यापर्यंत सोडायला येतेस, धड असलेल्या उजव्या हातात माझी पिशवी. तुझं पोलकं पाठीवर भिजलेलं. दमलीस का म्हटलं की, "नाय." मग घाम कसला? "ऊन हाय ना." पौषातल्या सकाळी कसलं गं ऊन? आणि मी ते खरं मानून बसमध्ये चढायचे.

सून पाणी भरायला गेली तशी मी मावशींना दरडावलंच, "माझ्यापाशी तरी खरं सांगायचं ना."

"दमले बोलले तर घरात बसवतील. रोज शेतावर भाकर नेते, ती पन बंद. मंग दिसभर भिताडाकडं बघत बसू?"

तेवढ्यात सून आली, तिने पडद्यावरचं विचारलं, मी खरं तेच सांगितलं. बिचारीचा चेहरा उतरला. "अगोबाई. मग उद्यापासून आईंना कुठं पाठवत नाय मी," ती अगदी मायेने म्हणाली. मावशींनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी सुनेवर खेकसलेच. म्हटलं, जाणं बंद करायचं नाही, वाटेत दोन ठिकाणी बसायची सोय करा, आणि घाई करू नका त्यांना.

हे तुला पाठवणार कुठे? तरी एक सांगून टाकते. तू तेव्हा खरं बोलली असतीस, तर मीही त्या सुनेसारखंच केलं असतं. तुला उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू दिलं नसतं, आणि आईला मी किती जपते, हे गावभर सांगत फिरले असते.