बागेतला पिंजरा

४ नोव्हेंबर, सोमवार

प्राजक्ताच्या आळ्यात ठसा! तळहाताएवढा. नखं उमटलेली नाहीत — कुत्रा नव्हे. कुंपणापलीकडे रंगुबाईंचा ऊस. त्यांना बोलावून दाखवला. वाकून बघितलं, पदर तोंडाला लावला. "बाई, पहाटंचं हिथं बसू नका. उसात आलंय त्ये." बिबट्याचं नाव काही घेतलं नाही.

मी बसणारच. शाळेतून निवृत्त झाले त्याच वर्षी हे गेले. तीन वर्षं झोपेच्या गोळ्यांवर काढली. मग ही बाग केली, आणि एका पहाटे तगरीखाली श्वास बघत बसले असताना आतली कालवाकालव थांबली. बुद्धविहारात इतकी वर्षं ऐकलेलं इथं कळलं. ते कसं सोडू?

७ नोव्हेंबर

रंगुबाईंचा कुत्रा गेला. साखळी तेवढी राहिली.

९ नोव्हेंबर

वनखात्याचा पिंजरा आला. उसात गाडी जाईना, म्हणून माझ्या बागेत. मागच्या कप्प्यात शेळी. वनरक्षक रविराज माझाच विद्यार्थी. म्हणाला, "बाई, शेळीला काही होत नाही. मध्ये जाळी आहे."

संध्याकाळभर ओरडत होती.

११ नोव्हेंबर

डोळे मिटले की तिचाच आवाज. नुसती थरथरते, पाल्याला तोंड लावत नाही. माझीही जुनी घालमेल परत सुरू! रंगुबाई येता-जाता कुंपणावरून विचारतात, "घावला का?"

१२ नोव्हेंबर

दिवस मावळायच्या आत कप्प्याची कडी काढली. शेळी वस्तीच्या वाटेनं पळाली. मागं वळूनही बघितलं नाही.

१३ नोव्हेंबर

रविराज रिकाम्या पिंजऱ्यापुढं उभा. "कडी नीट लागली नसेल," म्हणाले मी. त्याचा चेहरा उतरला. दुसरी शेळी आणायला दोन-तीन दिवस लागतील म्हणाला. "तोवर जपून, बाई."

पहाटे काय शांतता होती! इतकी कधीच नव्हती. पाखरंसुद्धा बोलत नव्हती.

१५ नोव्हेंबर

रंगुबाई उसाच्या कडेला गवत कापायला गेल्या. संध्याकाळचे पाच वाजले असतील. सून अश्विनी हाका मारत होती — मी तगरीला पाणी घालताना ऐकत होते. वाटलं, चहाला बोलावत असेल.

आधी विळा सापडला. मग त्या.

१८ नोव्हेंबर

वनखात्याची माणसं आली होती. कडी नीट लावली नाही म्हणून रविराजला निलंबित केलं. त्यानं हात जोडले, पण 'मी लावली होती' असं एकदाही म्हणाला नाही. कडी राहिली असं त्यालाही वाटतंय.

तीन दिवस बागेत पाऊल टाकलेलं नाही.

१९ नोव्हेंबर

कडी मीच काढली, असं सकाळी वनखात्याच्या साहेबांना लिहून दिलं. मग अश्विनीकडं गेले, सगळं सांगितलं.

"बाई, शेळीपायी?"

हो म्हणाले. तेही खोटंच. पहाटेची शांतता मला हवी होती.