चोपिन यांची सुरुवातीची कामे

४ डिसेंबर, गुरुवार

पियानो जाणार म्हणे! कॉलनीच्या सभागृहातला. कायद्याने तो मंडळाचा, मिशनची शाळा बंद पडली तेव्हा देणगीत आलेला. पण इतक्या वर्षांत उंदीर सोडले तर त्याला माझ्याशिवाय कुणी हात लावलेला नाही.

पृथ्वीराज मंडळाचे अध्यक्ष. शिरोलीला फौंड्री, कॉलनीतली कंत्राटंही त्यांचीच, गळ्यात दोन साखळ्या. त्या कोपऱ्यात जेवणाचं काउंटर बसवायचं आहे, म्हणाले. 'आपा, ती पेटी आता वाजवतंय कोण?' पेटी! मी वाजवते, म्हटलं. 'ऐकतंय कोण?' मग स्वतःच म्हणाले, कार्यक्रम करा, हॉल भरला तर पेटी राहील. मी हो म्हणून बसले.

घरी आणावा तर जिन्याच्या वळणावर अडकतो.

६ डिसेंबर, शनिवार

काय वाजवायचं ते ठरलं. शोपँच, पोलंडचा तो संगीतकार. पण हॉटेलच्या लॉबीत वाजतात ती रडवी रात्रगीतं नाहीत. त्याच्या अगदी सुरुवातीच्या, कुणी न विचारलेल्या रचना. सातव्या वर्षीचा पोलोनेझ, पंधराव्या वर्षीचा रोंडो, आणि अठराव्या वर्षी लिहून मास्तरांना अर्पण केलेला पहिला सोनाटा. तो प्रकाशकाने कितीतरी वर्षं नुसता ठेवून दिला. शोपँचं नाव झाल्यावर छापायला धावला, तेव्हा यानेच नको म्हटलं. छापला तो मेल्यावर.

जाणकार म्हणतात, कच्चा आहे. असेल! अठराव्या वर्षी पिकलेलं कोण असतं? मास्तरांना खूश करायची धडपड पानोपानी दिसते. आणि मध्येच एक संथ भाग येतो, पाच मात्रांचा. तिथे पोरगा मास्तरांना साफ विसरतो. मला तेवढ्यासाठी तो वाजवायचा आहे.

रुबीना म्हणाली, 'आपा, लोकांना माहीत असलेलं कायतरी वाजव की.' धाकटी बहीण आणि एकाच घरात, म्हणून सल्ला फुकट. माहीत असलेलं ऐकवायला कचऱ्याची गाडी येते रोज.

८ डिसेंबर, सोमवार

पृथ्वीराजांनी फ्लेक्ससाठी मजकूर मागितला. व्हॉट्सॲपवर इंग्रजीत पाठवला — संगीतकाराचं नाव, 'अर्ली वर्क्स', आणि माझं नाव. मराठी आमची पोरं करतील, म्हणाले. तेवढ्याशा मजकुराचं काय वाकडं होणार?

११ डिसेंबर, गुरुवार

झालं! फ्लेक्स चौकात लागला.

'चोपिन यांची सुरुवातीची कामे. सादरकर्त्या : नसरीन मुजावर. संकल्पना : मा. पृथ्वीराजदादा.'

दोन तृतीयांश जागेत दादा, गॉगलसकट, हात जोडून. खाली कोपऱ्यात मी, निवृत्तीच्या निरोप समारंभातली, पेढ्यासाठी तोंड उघडलेली. शेजारी पांढऱ्या दाढीचे कुणी गृहस्थ. तो शोपँ! बिचारा चाळिशीच्या आतच गेला, दाढी पिकायला वेळ कुठे होता?

आणि चोपिन! शोपँचं स्पेलिंग पोरांनी वाचलं तसं. कॉन्व्हेंटात सिस्टर बेनेडिक्टा या उच्चारासाठी बोटांवर पट्टी मारायच्या. 'शोपँ, चाइल्ड. आपण रानटी नाही.' त्या आज या चौकातून गेल्या असत्या तर पट्टी कमी पडली असती.

पिराजी वस्ताद तालमीतून घरी निघालेले, फ्लेक्सखाली थांबले. एकच शब्द वाचला असावा. मला म्हणाले, 'आपा, चोपीन ते बरोबर हाय. पर कुणाला?'

१२ डिसेंबर, शुक्रवार

भाजीवालीने विचारलं, कामं कधी सुरू? कसली कामं?

१३ डिसेंबर, शनिवार

आता उलगडलं. महापालिकेची निवडणूक लागणार, प्रभागातली एक जागा बायकांना राखीव. त्यात चौकात फ्लेक्स, त्यावर माझं नाव आणि 'कामे'. या गावात काम म्हणजे गटार, रस्ता, नाहीतर बोअर. मी उभी राहतेय असा सगळ्यांचा समज!

मागच्या गल्लीतल्या धोंडुबाई दोघींना घेऊन घरी आल्या. गटारीचं काम सुरुवातीलाच धरा, म्हणाल्या. मी बसवून समजावलं, हे चोपिन म्हणजे संगीतकार, पोलंडचे, वारले. त्यांनी मान हलवून नीट ऐकून घेतलं.

'वारलं तर वारलं. पर गटारीचं आता कोन बघनार?'

रुबीना आत जाऊन हसत होती. चहा मलाच करावा लागला.

१४ डिसेंबर, रविवार

हॉल भरला! खुर्च्या कमी पडल्या. तालमीची पोरं भिंतीला लागून उभी. अर्ध्यांना गटार हवी होती, उरलेल्यांना मारामारी बघायची होती. मला श्रोते हवे होते. आपापल्या परीने सगळेच चुकीच्या जागी आलो होतो.

पोलोनेझ लहान, निभावला. रोंडोला कुणाचा तरी मोबाईल साथीला होता. मग सोनाटा. पहिले दोन भाग संपले आणि पृथ्वीराज शाल-श्रीफळ घेऊन थेट मंचावर! अजून दोन भाग आहेत, म्हटलं. 'राहू दे की, सत्कार तर होऊ दे.' नारळ पियानोवर ठेवून माईक घेतला. चोपिनसाहेबांनी कमी वयात जी कामं केली ती आपल्या प्रभागातही व्हावीत, म्हणाले. टाळ्या.

मग तो संथ भाग. कुणीतरी ताल धरायला गेलं. पाच मात्रा! प्रत्येकाची टाळी वेगळीकडे पडली, एकेक जण ओशाळून हात मांडीखाली घालून बसला. आणि हॉल शांत झाला. खरंच शांत. लाजेने असेल, पण शांतता ती शांतता. तेवढा वेळ तो अठरा वर्षांचा पोरगा या कोल्हापुरात ऐकला गेला. नारळ हळूच हलत होता.

त्या भागाचा शेवटचा सूर विरायच्या आत धोंडुबाई उभ्या राहिल्या, चौथा भाग राहिलाच. वाजवलं छान, पण गटार? माझा तोल गेला. म्हटलं, गटारीला उतारच उलटा दिलाय, पाणी आपल्या घरात येणार नाही तर काय पंचगंगेला जाणार? ज्यांनी बांधली ते पुढच्याच रांगेत बसलेत, शाल त्यांनीच घातलीय मला, विचारा त्यांना!

शोपँला मिळाल्या नाहीत इतक्या टाळ्या पडल्या. शिट्ट्यासुद्धा. तालमीच्या पोरांना पाहिजे ते मिळालं.

१६ डिसेंबर, मंगळवार

पृथ्वीराज घरी आले, बायकोला घेऊन. पूर्णिमा गरीब आहे, कडेला बसून चहाच्या कपात बघत राहिली. राखीव जागेवर तीच उभी राहणार आहे. हे तिलाही नुकतंच कळलेलं दिसलं.

हॉल भरला, शब्द पाळा, म्हटलं. पाळतो की, म्हणाले, फक्त तुम्ही उभ्या राहणार नाही असं लिहून द्या. आता उभं राहायचं माझ्या स्वप्नातही नव्हतं! कागद पुढे ओढला, पेनचं टोपणही काढलं.

'बास, सही करा. पेटी हाय तिथंच ऱ्हाईल.'

टोपण परत लावलं. म्हटलं, पियानो. ते हसले, म्हणाले, 'तेच की, पेटी.' मी कागद परत दिला. ते 'पियानो' म्हणाले असते तर बहुधा सही केली असती.

रुबीना म्हणाली, 'एका शब्दावरून, आपा?'

एका शब्दावरूनच.

२० डिसेंबर, शनिवार

पियानो व्हरांड्यात. वर ताडपत्री, ताडपत्रीवर बुंदीचं पातेलं. कोपऱ्यात काउंटर बसलं. आत लग्न, नाहीतर पूर्णिमाचा मेळावा. जेवणावरून दोन्ही सारखंच. पातेलं मी स्वतः उतरवलं. पाक पट्ट्यांत गेलाय. मधला सा दाबला की वर येत नाही. मधला सी, म्हणजे. बघ, माझीही भाषा गेली!

पिराजी वस्ताद ताडपत्रीची दोरी बांधून देत होते. म्हणाले, 'आता तरी सांगा, कुणाला ते.'

२६ डिसेंबर, शुक्रवार

अर्ज भरला. अपक्ष. सूचक धोंडुबाई. निशाणीच्या यादीत पियानो नाही, पेटी आहे. पेटीच मागितली.

फ्लेक्सचा मजकूर या वेळी मी स्वतः मराठीत लिहून दिला. एकच शब्द — चोपीन.