पिंडाला सीगल शिवला

क्रॉयडन, लंडन, १० मार्च २०२४

ती. अक्कांना नीनाचा शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मला ओरडायचा कंटाळा, म्हणून लिहिते. चौथी पास बाईचं अक्षर आहे, लावून घ्या.

तुमच्या भावाच्या दहाव्याचं तुम्हाला अर्धंच सांगितलं होतं. मागच्या गार्डनमध्ये पिंड ठेवला. कावळे कुंपणावर बसून बघत राहिले, शिवेनात. लेकीने, कस्तुरीने, सांगितलं की बाबा, आईला सांभाळीन. मी म्हटलं, तुमच्या कढया कुणाला देणार नाही. काही नाही. थंडीत दीड तास. वेम्बलीहून आलेले गुरुजी घड्याळ बघायला लागले, तसं माझं डोकं फिरलं. म्हटलं, बरं, जाते तुमच्या त्या मालागाला. शब्द तोंडातून निघाला आणि छपरावरून सीगल उतरला, समुद्रावरचा पांढरा पक्षी असतो तो, आणि पिंड उचलून गेला. समुद्र इथून तासावर. गुरुजी म्हणाले, इकडे हेही चालतं, आणि ट्रेन गाठायला पळाले.

मालागा म्हणजे स्पेनमधलं बीचवरचं शहर. ह्यांच्या रेस्टॉरंटात कुणीतरी ह्यांना सांगितलं होतं, की तिथे वाळू भरलेल्या होडीत निखारे करून काठीला टोचलेली तारली भाजतात आणि सगळं गाव रस्त्यावर येऊन जेवतं. झालं. स्वतः कुक, त्यात वेंगुर्ल्याचे. चार वर्षं मागे लागले होते. मी दर वेळी पुढच्या वर्षी म्हणायचे. समुद्रच बघायचा तर ब्राइटन आहे की, म्हणायचे.

आता तो सीगल रोज पावणेचारला किचनच्या खिडकीत येतो. ह्यांची ड्यूटीला निघायची वेळ. एका पायावर उभा राहतो, हे शेगडीपाशी राहायचे तसा. काय करायचं ते कळवा.

मायेत अंतर नको.
आपली,
नीना

वेंगुर्ला, २९ मार्च २०२४

चि. नीनाला अक्काचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. अक्षर माझ्यापेक्षा बरं आहे, उगाच चौथीचं रडगाणं नको.

शब्द दिलास तो पाळ. दिना लहानपणापासून पुढे पळणारा. जत्रेला निघालो की हा वळणावर जाऊन उभा, आणि मान वळवून आमच्यावर खेकसणार. त्याला ताटकळत ठेवू नकोस. कस्तुरीला तिकिटं काढायला सांग. गुडघ्यांची सबब मला सांगू नकोस, इथे आलीस तेव्हा मासळी बाजारात माझ्यापुढे धावत होतीस.

जिवाला जप.
तुझी,
अक्का

क्रॉयडन, २१ एप्रिल २०२४

ती. अक्कांना नीनाचा नमस्कार.

तिकिटं झाली. चौदा जून, आठ दिवस. बीचसमोर रूम आहे. पोरीने स्विमिंग कॉस्च्यूम दाखवला, मी म्हटलं तूच घाल. मग मी म्हटलं रूम तिसऱ्या मजल्यावर आहे, ऊन फार आहे, पासपोर्टच्या फोटोत मी चोर दिसते. ती वैतागली. विचारलं, आई, तुला जायचं तरी आहे का.

तुम्हाला खरं सांगते. नाही जायचं. शब्द पाळला की तो सुटणार. मग पावणेचारला खिडकीत कोण? पहिली चपाती त्याची असते. कामावर, शाळेच्या किचनमध्ये, काय काय झालं ते त्याला सांगते. ह्यांनी कधी इतकं ऐकलं नव्हतं. परवा म्हटलं, मालागाचं पुढच्या वर्षी बघू. त्याने काचेवर चोच मारली. तडा गेलाय.

रागावलात तरी लिहीत जा.
आपली,
नीना

वेंगुर्ला, ८ मे २०२४

चि. नीनाला आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून जेवण गेलं नाही. मी एक गोष्ट लपवली. दिनाच्या दहाव्याला मीही इथे परड्यात पान ठेवलं होतं. ठेवून मागे वळते तोच कावळा शिवला. तुमच्याकडे तेव्हा उजाडलंही नव्हतं. दिना सकाळीच सुटला, बाई. वचन वगैरे काही नाही. तू घराबाहेर पडावीस, एवढ्यासाठी गप्प राहिले.

खिडकीत येतो तो माझा भाऊ नव्हे. त्याला खाऊ घालू नकोस. त्याच्याशी बोलू तर मुळीच नकोस.

म्हातारीचं एवढं ऐक.
तुझी,
अक्का

क्रॉयडन, ३१ मे २०२४

ती. अक्कांना नमस्कार.

खोटं बोललात, त्याबद्दल परत आल्यावर भांडीन.

पत्र आलं तेव्हा तो खिडकीत होता. त्याला मोठ्याने वाचून दाखवलं. विचारलं, हे सकाळीच गेले, मग तू कोण? त्याने चपाती घेतली नाही. मालागासाठी भरून टेबलाखाली ठेवलेल्या बॅगेकडे बराच वेळ बघत राहिला आणि उडाला. आठ दिवस झाले, आलेला नाही. चपाती कडक होते, मी रोज बदलते.

कस्तुरी म्हणाली, वचन नाही तर कॅन्सल करू का. नको म्हटलं. चार वर्षं पुढच्या वर्षी म्हणणारी मीच ना.

हे माझ्याबरोबर कधी चालले नाहीत. स्टेशनवर, बाजारात, कुठेही दहा पावलं पुढे जाऊन उभे राहायचे आणि वळून खेकसायचे, पाय उचल. तो पक्षी कोण होता मला ठाऊक नाही. गेला तो दक्षिणेला गेला, हे मी डोळ्यांनी पाहिलं. स्पेन तिकडेच आहे, कस्तुरीने नकाशात दाखवलं.

चौदाला निघते. बघते कोण उभं आहे ते.

आठवण असू द्या.
आपली,
नीना