यान्बूतला फ्रेंच कागद

९ ऑगस्ट १९९०, यान्बू, सौदी अरेबिया
इराकनं कुवेत घेऊन आठवडा झाला. मेसमध्ये दुसरा विषय नाही. मला मात्र आज पुण्याचं पत्र. कॉलेजातली फ्रेंचची कायम जागा भरली. विभागप्रमुख बाईंचा भाचा. त्याचा प्रबंध अजून टाइपसुद्धा झालेला नाही. मी नऊ वर्षं तासिकेवर शिकवलं, डॉक्टरेट घेतली, आणि इथे फ्रेंच कंत्राटदाराच्या ऑफिसात पंपांची माहितीपत्रकं इंग्रजीत उतरवतोय. पत्र घडी करून ठेवलं. पंपाचं पान पुरं केलं.

१७ ऑगस्ट, शुक्रवार
सुट्टी. स्टोअरमधल्या दाऊदचाचांच्या खोलीवर गेलो. श्रीवर्धनकडचे, छप्पन्न वर्षांचे. इथे येण्याआधी गलबतावर तांडेल, खलाशांचे म्होरके, होते. सहज प्रबंधाची झेरॉक्स दाखवली. एका जुन्या फ्रेंच खलाशाची वही, कोकणच्या बंदरांवर ऐकलेली होडीच्या भागांची नावं त्यानं आपल्या कानानं लिहिलेली. त्यातला 'पार्बान' मी 'परवाना' धरून चाललो होतो. अख्खं तिसरं प्रकरण त्यावर.
चाचा म्हणाले, "परवाना कशाला? परबाण. ज्याला शीड बांधतात तो वासा."
हसले नाहीत. परीक्षकांनाही कळलं नव्हतं. तिसरं प्रकरण गेलं.

७ सप्टेंबर
दर शुक्रवारी बसतो. आज अकरा शब्द सुटले. मी फ्रेंच स्पेलिंग मोठ्यानं वाचतो, ते डोळे मिटून ऐकतात, मग शब्द सांगतात आणि हातानं दोर ओढल्यासारखं करून दाखवतात. यात त्यांना काय मिळतं कळत नाही. चहाही तेच करतात. चौथीपर्यंत मराठी शाळा. मुलगी गावी बालवाडीत शिकवते, तिला पत्रातून कळवलंय म्हणे की एक प्रोफेसर माझ्याकडे शिकायला येतो. मला ते जरा लागलं.

२८ सप्टेंबर
बंदरात फ्रेंच फौजेची जहाजं. कंपनीच्या गाडीतून मोरेल साहेबांबरोबर गेलो. (साइट मॅनेजर. मूळचे फ्रान्समधल्या ब्रिटनीचे, समुद्राकाठचे.) एका सैनिकाला मी फ्रेंचमध्ये विचारलं, प्रवास कसा झाला. त्यानं इंग्रजीत उत्तर दिलं. पुन्हा फ्रेंचमध्ये बोललो. पुन्हा इंग्रजी. मोरेल गाडीत हसत होते. म्हणाले, "तुमचं फ्रेंच फार शुद्ध आहे, लिमये. आमच्याकडे असं कोणी बोलत नाही."

१९ ऑक्टो.
मोरेलची थोरली बहीण ब्रिटनीत प्राध्यापक. विभाग: भाषा आणि प्रादेशिक वारसा. तिकडच्या कोळ्यांच्या बोलीवर तिचं काम. हे मोरेल आज सहज बोलून गेले, कॉफी ढवळता ढवळता. वर्षभर मी याच ऑफिसात बसतोय. चाचांच्या शब्दांवर मी लेख लिहिला तर तो तिच्याकडे पाठवायचं त्यांनी कबूल केलं.

२३ नोव्हें.
लेख फ्रेंचमध्ये तयार. चौतीस शब्द, सगळे चाचांचे. तळटीपेत त्यांचं नाव, गाव, वय. त्यांना ती ओळ दाखवली. फ्रेंच अक्षरांवर बोट ठेवून स्वतःचं नाव शोधलं त्यांनी. सापडल्यावर बोट बराच वेळ तिथेच.

१२ डिसें.
मोरेलच्या बहिणीचं उत्तर. लेख आवडला. दोन वर्षांची संशोधनवृत्ती मिळू शकते, पण मालकाचं, म्हणजे मोरेलचं, शिफारसपत्र हवं आणि विभागाच्या समितीपुढे तेच आधी जातं. शिवाय एक बारीक सूचना: तळटीपेत नाव गाव नको, 'एक स्थानिक खलाशी' पुरे. तशी पद्धत आहे.
पद्धत आहे. बदललं.

१९ डिसें.
मोरेलनी दार लावून घेतलं. युद्ध होणार, कामं बंद पडणार, माणसं कमी करायची. काढलं तर भरपाईच्या भानगडी, म्हणून माणसांनी आपण होऊन सोडल्याचं पत्र हेड ऑफिसला हवं. फ्रेंचमध्ये. मसुदा मी करायचा, सह्या मी घ्यायच्या. सत्तावीस माणसं, बहुतेक पन्नाशीपुढची.
मी विचारलं, त्यांना काय सांगायचं?
"सांगा, युद्ध संपेपर्यंत सुट्टी. नाहीतर सही कोण करेल?"
मग म्हणाले, शिफारसपत्र नाताळाच्या सुट्टीआधी लिहून टाकू दोघं मिळून.
यादीत नववं नाव चाचांचं.

२० डिसें.
मसुदा केला. 'मी, खाली सही करणारा, स्वेच्छेनं व कायमचा...' सात ओळी. एकही शब्द इकडचा तिकडे करता येणार नाही असा. मोरेल वाचून म्हणाले, आमच्या वकिलालाही असं जमलं नसतं. बरं वाटलं. हे इथे लिहून ठेवतो, कारण बरं वाटलं हे खरं आहे.

२ जानेवारी १९९१
मेसमध्ये सह्या. मी उभा राहून कागद 'वाचून' दाखवला, हिंदीत. लढाई संपेपर्यंत घरी जा, कंपनी बोलावेल. दोन केरळी पोरांनी प्रश्न विचारले. इकामा, इथे राहायचा परवाना, का काढून घेताय, शिक्का परत येण्याचा, री-एंट्रीचाच पडणार ना, की कायमचं जाण्याचा, फायनल एक्झिट? मी म्हणालो, री-एंट्री. त्यांची चुळबुळ चालूच. तेवढ्यात चाचा उठून पुढे आले.
"प्रोफेसर, तुमी वाचलाव ना?"
"वाचलं."
"मंग बस." मराठीत सही केली, सावकाश, पूर्ण नावाची. त्यांच्यामागे रांग लागली.
त्यांना बाजूला घेऊन सांगता आलं असतं. सांगितलं असतं तर त्यांनी सगळ्यांना सांगितलं असतं.

३ जाने.
शिफारसपत्र नाताळाआधी नाही, आज मिळालं. उत्तम आहे. अर्धं मीच लिहिलंय.

९ जाने.
बस जेद्दाला गेली. पासपोर्ट कंपनीच्या माणसाकडे, विमानतळावरच द्यायचे असं ठरलंय. चाचांनी खोलीतलं सामान नेलं नाही. गादी, रेडिओ, स्टोव्ह, सगळं एका कोपऱ्यात रचून वर चादर घातली. किल्ली माझ्याकडे दिली. "महिन्या-दोन महिन्यांत येतोच. राहिलेले शब्द तवा करू." वहीतले अजून न सुटलेले सात.
मी बसपर्यंत गेलो. पिशवी उचलून दिली.

१७ जाने.
लढाई सुरू. दिवसभर रेडिओ.

२१ जाने.
गॅस मास्क वाटले. युरोपियन आधी, मग ऑफिसातले. मला मिळाला. वर्कशॉपमधल्यांना ओला टॉवेल तोंडाला कसा बांधायचा ते समजावून सांगायचं काम माझंच. समजावलं. एकानं विचारलं, साहेब, तुम्हीपण टॉवेलच बांधणार का? मास्क माझ्या खुर्चीखाली होता. मी हो म्हणालो.
क्षेपणास्त्रं रियाध, दहरानकडे. इकडे अजून काही नाही.

८ फेब्रु.
हाउसिंगवाल्यांनी चाचांची खोली मागितली. दोन फिलिपिनो यायचेत. किल्ली दिली. सामान कुठे टाकू म्हणाले. म्हणालो, खलास, न्या.
रेडिओ मात्र मी आणला. का, ते ठाऊक नाही. सुरू केलेला नाही.

२८ फेब्रु.
लढाई संपली. मेसमध्ये जिलबी. मोरेलनी हात मिळवला.

१९ मार्च
ब्रिटनीहून पत्र. वृत्ती मंजूर. ऑक्टोबरपासून. लेख विभागाच्या नियतकालिकात येणार. समितीतल्या एकानं विशेष कौतुक केलंय ते 'परबाण'चं. लिहितो, लेखकाचा कान दुर्मीळ आहे.
पुण्याला विभागप्रमुख बाईंना कळवलं, मुद्दाम फ्रेंचमध्ये. पत्र टाकून परत येताना गुणगुणत होतो.

३ एप्रिल
मोरेलच्या बहिणीची चिठ्ठी. उरलेले सात शब्द पुरे करता आले तर लेखाचं पुस्तक होईल. तुमच्या त्या खलाशाला पुन्हा विचारता येईल ना?

२२ एप्रिल
चाचांचं पत्र. मुलीच्या हातचं, स्वच्छ अक्षर.
तब्येत बरी आहे. भाताचा बांध घातला. लढाई थांबून दोन महिने होत आले, कंपनीचं बोलावणं आलं नाही. 'मुलगी म्हणते पासपोर्टावरचा शिक्का निराळा दिसतो, एकाकडून वाचून घेऊ. मी तिला म्हटलं, प्रोफेसरांनी स्वतः वाचलंय, त्याच्यावर आणि कोणाकडून काय वाचायचं. तरी मोरेल साहेबांना विचारून सुट्टी कधी संपते तेवढं कळवा, म्हणजे तिकिटाचं बघतो.'
खाली, वेगळ्या कागदावर, सातपैकी पाच शब्द. गावातल्या म्हाताऱ्या नाखव्यांना विचारून काढलेत. प्रत्येकापुढे त्या भागाचं चित्र, चाचांच्या हातचं, पेन्सिलीनं.

२३ एप्रिल
पाच शब्द लेखात घातले. अचूक बसतात.

२६ एप्रिल, शुक्रवार
सकाळपासून पत्र लिहायला बसलोय. 'चाचा, सलाम. तुमचं पत्र आणि शब्द पोचले.' इतकं झालं. पुढे 'सुट्टी' हा शब्द लिहिला. खोडला. पुन्हा लिहिला.
दोन शब्द अजून राहिलेत. ते आधी विचारावेत का