म्हशीच्या ओठावरची हळद

माय, तुला जाऊन चाळीस हिवाळे झाले. तू गेलीस तेव्हा मी बारा वर्षांची होते आणि तू बत्तीसच्या आसपासची असशील. आज माझी सून तेवढ्या वयाची आहे. तिला पाण्याची घागर काखेत घेऊन ओसरीची पायरी चढताना पाहते आणि वाटतं, माझी माय म्हणजे एवढीशीच बाई होती. तू शाळेत कधी गेली नाहीस, त्यामुळे हे पत्र तुला दुसऱ्या कुणाकडून तरी वाचून घ्यावं लागलं असतं. यात जे आहे ते मी दुसऱ्या कुणाच्या हातात देऊ शकले नसते. म्हणून इतकी वर्षं लिहिलं नाही.

आपलं घर गावात नव्हतं, मळ्यात होतं, पारोळ्यापासून दोन कोसांवर. दोन मातीच्या खोल्या, पुढे शेणाने सारवलेलं खळं, एका बाजूला गोठा. गोठ्यात एक बैलजोडी, चार बकऱ्या आणि तुझी म्हैस. ती माहेरहून वगार म्हणून आली होती, तू तिला वाढवलीस आणि तुझ्याशिवाय ती कुणाला धार काढू देत नसे. थंडी पडली की तू तिच्या पाठीवर गोणपाटाची झूल शिवायचीस आणि मग आमच्या गोधड्यांकडे वळायचीस. हिवाळा म्हणजे तुझ्या कामाचे दिवस. पावसाळ्यात बाजार बंद पडतो, रस्ता चिखलाने जातो, तेव्हा खायला काय असेल ते तू थंडीतच ठरवायचीस. गवार वाळायची, वांग्याच्या फोडी दोऱ्यात ओवून छपराला टांगलेल्या असायच्या, तूर राख लावून कणगीत जायची. आणि हरभऱ्याची भाजी. पहाटेचं दव असताना तू कोवळे शेंडे खुडायला बसायचीस. हरभऱ्याच्या पाल्यावर जी झोंबरी आंब, आंबट खार, असते ती दवात उतरते आणि बोटांच्या भेगांत शिरते. तुझ्या बोटांना हिवाळाभर भेगा असत. तू त्यांत रात्री मेण वितळवून भरायचीस आणि सकाळी पुन्हा हरभऱ्यात बसायचीस.

त्या मार्गशीर्षात खळ्यात धोतर पसरून त्यावर भाजी वाळत घातलेली होती आणि राखायला मला बसवलं होतं. आदल्या दिवशी मी बोरीखाली गेले होते तेवढ्यात बकरीने अर्धी भाजी खाल्ली. तू पाठीत धपाटा घातलास आणि म्हणालीस, "तुले राखाले बसाडं का बोरं खावाले?" दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गेले. तुला खोटं वाटेल, पण मी पटकन येणारच होते. परत आले तेव्हा खळ्यात एक कुत्रं होतं. आपल्या बाजूचं नव्हतं. मान खाली, तोंडाला फेस, ते भाजीवरून सरळ चालत गोठ्याकडे गेलं. म्हशीने शिंगं रोखून मान खाली घातली, तेव्हा ते तिच्या ओठाला लटकलं. मी काठी घेऊन ओरडत धावले. ते सुटलं आणि कपाशीत शिरलं. सगळं इतक्या झटकन झालं की बैलांनी रवंथही थांबवला नव्हता.

मी आधी काय केलं, ठाऊक आहे? भाजी नीट केली. पायांच्या खुणा पुसल्या, पाला सारखा पसरला. मग म्हशीच्या ओठातून रक्त येतंय ते दिसलं. घरातून हळद आणून त्यावर दाबली. तू डोक्यावर पाल्याचं गाठोडं घेऊन आलीस, गोठ्याजवळ थांबलीस आणि हे काय झालं म्हणून विचारलंस. मी म्हणाले, विहिरीजवळची काटेरी तार लागली. तू गाठोडं न उतरवता वाकून हळद पाहिलीस. "शानी शे मनी पोर," एवढं म्हणालीस. तू मला शहाणी फार वेळा म्हणाली नाहीस, माय. त्या दिवशी म्हणालीस, आणि मग मला खरं सांगता येईना.

जखम चार दिवसांत सुकली. मी विसरले. विसरले असं लिहिते आहे, पण रोज सकाळी मी त्या ओठाकडे पाहत होते.

पौषात, संक्रांतीच्या चार-पाच दिवस आधी, म्हशीने चारा सोडला. आबा मिरच्या घेऊन पारोळ्याच्या बाजाराला गेले होते, घरी आपण दोघीच. सकाळी ती ओरडत होती, पण तो तिचा आवाज नव्हता. घसा बसलेल्या माणसासारखं काहीतरी होतं. तोंडातून लाळेची तार जमिनीपर्यंत लोंबत होती. तू पाण्याचं घमेलं पुढे केलंस, तिने तोंड घातलं, पण पाणी गिळता येईना. कडब्याचं बुडखं घशात आडवं गेलं की ढोरं अशीच करतात, हे तू माहेरी पाहिलेलं होतं. "गळामा अडकेल शे. धर तिले," म्हणालीस आणि पदर खोचलास. मी दावं धरून उभी आहे. तू तिची जीभ एका हाताने बाजूला ओढतेस आणि दुसरा हात कोपरापर्यंत आत घालतेस. चाचपडतेस. आत काहीच नसतं. तू हात बाहेर काढतेस, तो लाळेने भरलेला आहे, आणि भेगांतून बारीक रक्त आलेलं आहे. तू तो तिच्या झुलीलाच पुसतेस आणि पुन्हा घालतेस. माझ्या तोंडात शब्द होता. कुत्रं. एकच शब्द होता. मी दावं घट्ट धरून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी आबांनी ढोरांच्या डॉक्टरला आणलं. त्याने लांबूनच म्हशीकडे पाहिलं, जवळ गेला नाही. ती तोवर गव्हाणीचं लाकूड चावत होती. त्याने विचारलं, "हिला कुत्रं चावलं होतं का?" आबा म्हणाले, नाही. तू म्हणालीस, नाही. मग तू माझ्याकडे बोट करून म्हणालीस, पोर दिवसभर खळ्यातच असते, तिला विचारा. तिघं माझ्याकडे पाहत होते. मी मान हलवली. नाही.

डॉक्टर म्हणाला, मग दुसरंही काही असू शकतं. पण ज्याने तोंडात हात घातला त्याने धुळ्याला जाऊन सुया घेतलेल्या बऱ्या. तेव्हा त्या सुया पोटात घेत, चौदा. आबांनी तुला जा म्हणून सांगितलं, दोनदा सांगितलं. तू म्हणालीस, कुत्रं आलंच नाही तर पोट कशाला टोचून घेऊ, आणि बिबड्यांची, पापडांची ज्वारी तीन दिवस भिजून आंबली आहे ती कोण पाहणार. म्हैस तिसऱ्या दिवशी मेली. आबांनी आणि शेजारच्या मळ्यातल्या माणसांनी बांधाला खोल खड्डा करून मीठ घालून पुरली. तू तिकडे आली नाहीस. तू मोठ्या पातेल्यात ज्वारीचा घाटा हाटत होतीस, तीळ, लसूण, लाल मिरची घालून. मग ओल्या फडक्यावर हाताने बिबडे थापत गेलीस, ओळीने. मला हाक मारून म्हणालीस, जवळ बैस, आज बकऱ्या मी पाहते. मिरची तुझ्या भेगांना झोंबत असणार. तू पुढचा बिबडा थापायला घेतलास.

महाशिवरात्रीच्या आधीच्या आठवड्यात तुझ्या हाताला मुंग्या येऊ लागल्या. मग ताप. मग एका दुपारी तू पाणी मागितलंस, मी तांब्या दिला, तो ओठाजवळ नेताच तुझा गळा आवळला गेला आणि तांब्या भिंतीवर जाऊन आदळला. तू स्वतःच घाबरून माझ्याकडे पाहिलंस. दार उघडलं की येणारा वाराही तुला सोसेना, आबांनी दाराला गोधडी लावली आणि गाडी पाहायला गावात गेले. तेव्हा आपण पुन्हा दोघीच होतो. मधेच तू शांत झालीस, अगदी नेहमीसारखी. गोधडीच्या कडेतून उजेडाची रेघ तुझ्या पायांवर पडली होती. तू विचारलंस, "कुत्रं व्हतं का?"

मी हो म्हणाले. तारेचंही सांगितलं. बोरांचंही सांगितलं.

मला वाटलं, तू मारशील. मारावंस असं वाटत होतं. मग म्हणालीस, "तुना बापले सांगू नको. तो तुले मारी टाकी."

आबा जीप घेऊन आले. तुला धुळ्याला नेलं. मला शेजारच्या मळ्यात ठेवलं. चौथ्या दिवशी आबा एकटे परत आले, पायात एकच वहाण होती.

मी तुझं ऐकलं, माय. आबांना सांगितलं नाही. पण तुला हे कळलं नसेल की आबांनी सगळं स्वतःवर घेतलं. मी त्या दिवशी बाजाराला गेलो नसतो तर हात मी घातला असता, हे ते कुणालाही सांगत. पाहुण्यांना सांगत, सोयरीक जुळवायला आलेल्यांना सांगत. पुढे त्यांनी पारोळ्याच्या बाजाराला जाणं सोडलं, माल दुसऱ्याच्या गाडीत पाठवत. दुसरं लग्न केलं नाही, म्हैस पाळली नाही. शेवटच्या आजारात मी त्यांना इथे जामनेरजवळ माझ्या घरी आणलं. एक दिवस पेज भरवताना ते पुन्हा तेच म्हणाले, मी गेलो नसतो तर. ते इतके वाळले होते की मला मारूच शकले नसते. तेव्हा सांगायला हवं होतं. मी चमचा पुढे केला.

त्या वर्षी पावसाळ्यात आम्ही तुझ्या हातचंच खाल्लं. तू करून ठेवलेली भाजी, तुरीची डाळ, तुझे बिबडे. आबांना घास गिळवेना, मला मात्र भूक लागायची. बिबड्यांचा डबा संपायला दिवाळी उजाडली.

आता मी इथे दोन म्हशी आणि सहा बकऱ्या ठेवते. हिवाळ्यात सून आणि मी भाजी वाळवतो, जास्त नाही, शहरातल्या मुलीला पाठवण्यापुरती. गेल्या आठवड्यात नात राखायला बसली होती, सात वर्षांची आहे. मी आत पीठ चाळत होते. ती अनवाणी धावत आली आणि दारातूनच म्हणाली, "आजी, मी खेळायला गेले होते, तेवढ्यात कुत्रं आलं आणि बकरीच्या कानाला चावलं." एका दमात. स्वतःची चूकही त्यातच सांगून टाकली. मी आधी तिचे हात-पाय उलटसुलट करून पाहिले, कुठे ओरखडा नव्हता. मग साबण घेऊन वाहत्या पाण्याखाली बकरीचा कान कितीतरी वेळ धुतला, हातांत प्लॅस्टिकच्या पिशव्या घालून. मुलाने फोन केला, डॉक्टर आले, लस दिली, पुन्हा कधी द्यायची ते लिहून दिलं, बकरी वेगळी बांधली. डॉक्टर नातीला म्हणाले, हुशार आहेस, लगेच सांगितलंस ते फार चांगलं केलंस. मुलाने तिला उचलून घेतलं. सुनेने गुळाचा खडा दिला.

मी काही दिलं नाही. मला तिचा राग आला, माय. इतकं सोपं होतं. दारात उभं राहून एक वाक्य बोलायचं होतं, आणि ही चिमुरडी ते बोलून मोकळी झाली. त्या दिवसापासून मी तिची वेणी घातलेली नाही. ती फणी घेऊन येते, पाठ करून समोर बसते. मी सुनेला हाक मारते आणि सांगते, तूच घाल, थंडीने माझी बोटं दुखतात. बोटं दुखत नाहीत.